खुणा

रात्री साडेदहाला लाइट गेली
आणि लूम थांबले.
आमच्याकडं लूम थांबले की कुणाला झोप लागत नाही.
बाळं रडतात, म्हातारे उठून बसतात,
नाना ओरडून विचारतात, काय झालं?
बत्तीस वर्षं खटाखटीत काढलेला माणूस,
त्यांना शांतता ऐकू येते, मी नाही.

उद्या एकच मॅच.
आम्ही सात जिंकल्या, बार्शीनं सात.
म्हणून सकाळी आठला, बंद मिलच्या मागच्या मैदानावर,
लेफ्ट फील्डात बाभळ आहे तिथं,
जिंकेल ती टीम पुण्याला.
हरेल ती घरी.
बोल्ली सरांनी एवढंच सांगितलं
आणि चुन्याची पिशवी सायकलला अडकवून गेले.

मी कॅचर.
आठ जणी ज्या बाजूला तोंड करून उभ्या असतात
तिथं मी असते, उकिडवी,
नानांच्या लूमच्या जुन्या पट्ट्यानं शिवलेला ग्लोव्ह घेऊन.
नव्या बॉलला एकशे आठ टाके असतात म्हणे.
आमच्याला ब्याण्णव, वर अम्माचे अकरा.

गुडघ्यांच्या मधे मी तरन्नुमला खुणा करते.
त्या खुणा नानांच्या.
शेडमधे कोण कुणाचं ऐकतंय?
दोन बोटं, धागा तुटला.
मूठ, थांबव.
उलटा तळहात, कांडी संपली.
मी त्यांचे बॉल केले : वेगात, वळणारा, खाली पडणारा.
सगळा हंगाम चालून गेलं.

मागच्या मंगळवारी बार्शीत
त्यांची एक पोरगी सेकंड बेसवर पोचली, कंबरेवर हात ठेवून उभी,
आणि पुढचा प्रत्येक बॉल त्यांना आधीच ठाऊक.
नऊ-एक.
नंतर नळावर भेटली. म्हणाली,
माझे पप्पा पण जॉबर होते गं.
नाव विचारायचं राहिलं.
तिचा राग येतोय का, तेही कळंना.

तर आज मेणबत्तीला
तरन्नुम नदाफ आमच्या दारात चपला काढते :
नव्या खुणा पाहिजेत बे, रातच्यात.
कान, नाक, टोपी,
सगळं टीव्हीतलं, कुणीही ओळखंल.
अम्मा भिंतीला टेकून विड्या वळतेय, मांडीवर सूप.
सकाळी माल द्यायचाय, हजारात दीडशे कमी आहेत.
तिला लाइट लागत नाही.
कात्री. चिमूट. वळ. नखानं तोंड दुमड. दोरा.
कात्री. चिमूट. वळ.
तरन्नुम बघत राहते. मी तरन्नुमकडं.
तिची अम्मीही वळते, दोन घरं सोडून.
हे आम्ही दोघी चालायच्या आधी शिकलोय.

अम्माला सांगितलं तर आधी हसली,
मग तेलुगूत म्हणाली,
तुमच्या हातात हे येऊ नये म्हणून मी वळत बसले
आणि तुम्ही ते मैदानात नेताय.
पुन्हा हसली.
मग सूप खाली ठेवून आमची बोटं दुरुस्त करू लागली :
चिमूट अशी नाही. जर्दा सांडतोय.

आठला पाच कमी.
होम प्लेटची रेघ वाकडी आली,
सर पायानं पुसून पुन्हा मारतायत.
पलीकडं ती पोरगी वेणी आवळतेय.
माझ्याकडं बघते
आणि सावकाश दोन बोटं वर करते.
धागा तुटला.
नमस्कार आहे की धमकी?
मी मूठ दाखवते. थांब.

अम्मा आत्ता कारखान्याच्या रांगेत असेल,
छाटणीवाला तिच्या विड्या मोजत असेल, फेकत असेल.

अंपायर म्हणतो, प्ले.
मी बसते. उजवा हात मांड्यांच्या सावलीत.
कात्री.
तरन्नुम मान हलवते, नको.
चिमूट. नीट, जर्दा न सांडता.
नको.
बार्शीच्या बाकावर सगळ्या पुढं वाकून बघतायत.
दोरा.
ती हसू दाबते,
हात मागं नेते.